श्वासमार्ग आणि उच्चारित शब्द

मराठीत ‘भूल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : एक चूक, दुसरा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास आणलेली बेशुद्धी. भूल देणारा तो भूलतज्ज्ञ. परंतु त्याचे जे अधिक अवघड कर्तव्य, ते या नावात दिसत नाही. भुलीच्या अंमलाखाली असलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवणे, हे ते कर्तव्य होय.

स्नायू शिथिल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. अशा वेळी मुखवट्याने प्राणवायू देऊन, नंतर स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी बसवावी लागते. निरोगी प्रौढास आधी तीनएक मिनिटे शुद्ध प्राणवायू दिलेला असल्यास त्यानंतर सात-आठ मिनिटांचा अवधी मिळू शकतो. साधी हवा घेणाऱ्यास मिनिट-दीड मिनिटच. गर्भवती, स्थूल किंवा अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हा अवधी आणखी आखडतो. नळी बसत नाही आणि मुखवट्यानेही प्राणवायू पोहोचत नाही, असा प्रसंग विरळा. पण आला तर मानेच्या पुढील बाजूने, स्वरयंत्राच्या खालच्या पडद्यास छेद देऊन मार्ग करणे हाच उपाय उरतो.

हा छेद तंत्रदृष्ट्या फार कठीण नाही. कठीण असतो तो त्याचा निर्णय. मार्च २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली या तरुण स्त्रीवर एक साधी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी बसविण्याचाच प्रयत्न करीत राहिले, आणि सुमारे वीस मिनिटे निघून गेली. एका परिचारिकेने श्वासनलिकाछेदाची उपकरणे आणून ती तयार असल्याचे सांगितले होते. काय करावयास हवे ते ध्यानात आलेल्या परिचारिकांना तो विषय काढावा कसा, हे मात्र कळले नाही. रुग्ण तेरा दिवसांनी दगावली. उणीव ज्ञानाची नव्हती. ज्ञान शब्दांत उतरण्याची होती.

भारतात २०१६ मध्ये अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने या विषयावर पाच मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या. त्यांतील प्रौढ रुग्णांविषयीच्या मार्गदर्शिकेच्या प्रमुख लेखिका परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शीला म्यात्रा या होत. नळी बसविण्याचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक नकोत, प्राणवायूची पातळी ९५ टक्के वा अधिक असेल तरच पुढचा प्रयत्न करावा, आणि मदतीस हाक द्यावी, असे ती सांगते. सर्व मार्ग खुंटले म्हणजे येणाऱ्या अवस्थेस तिने ‘संपूर्ण श्वसन-अपयश’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे नाव महत्त्वाचे आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने दाखविले, की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, कृती करतात. ‘अपयश आले’ हे मोठ्याने उच्चारलेले वाक्य याच जातीचे : ते उच्चारताच जुना प्रयत्न संपतो व नवा सुरू होतो.

हा प्रश्न आपल्याकडे अधिकच बिकट होतो. मीरा-भाईंदरमधील घोडबंदरसारख्या परिसरात मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषा एकत्र नांदतात. तेथील शस्त्रक्रियागृहातही भूलतज्ज्ञ, परिचारिका व साहाय्यक यांच्या मातृभाषा भिन्न असू शकतात. त्यात वरिष्ठांशी बोलताना आपला विनय वाक्यास वळसे घालतो. ‘सर, जरा बघता का?’ या वाक्यात आदर आहे, वार्ता नाही. ‘पातळी ऐंशीवर आली. तीन प्रयत्न झाले. मानेतून मार्ग करा,’ या तीन वाक्यांत आदरार्थी क्रियापद कायम राहूनही वार्ता पुरती पोहोचते. अशी वाक्ये आधी ठरवून, सर्वांनी मिळून घोकलेली असावीत. कारण आणीबाणीत माणूस नवी वाक्ये रचीत नाही, सवयीची उच्चारतो.

भूलतज्ज्ञाच्या हातातील उपकरणांइतकेच शेजारी उभ्या असलेल्या कनिष्ठाचे वाक्यही श्वासमार्गाचे साधन आहे. ते वेळेवर उच्चारले गेले नाही, तर ‘भूल’ या शब्दाचा दुसरा अर्थ खरा ठरतो.