गाळाने घडवलेलं पाखरांचं घर : नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं आणि पाणवनस्पती वाढल्या. धरणाच्या हिशेबात हे नुकसानच. पाणपक्ष्यांसाठी मात्र याहून चांगली जागा नाही! कालव्यांना पाणी सोडलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि तुतारी, शेकाट्या अशा पक्ष्यांची मेजवानी सुरू होते.

हिवाळ्यात थापट्या बदक जरूर बघा. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला टेकवून तो पोहत राहतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर जातं, कीटक, बिया आत राहतात. शेजारी चक्रवाक, तलवार बदक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या. नशीब असेल तर रोहित पक्षीही.

जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आपल्या राज्याला याचा अभिमान वाटायलाच हवा.

डिसेंबर-जानेवारीत उजाडताना चापडगावच्या बाजूने जा. दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा आणि फोटोसाठी थवे उडवू नका.