स्त्रियांच्या क्रीडास्पर्धा व जनुकपरीक्षा

स्त्रियांसाठी स्पर्धांचा स्वतंत्र गट असावा, ह्याविषयी फारसा मतभेद नाही. वयात येताना वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषास जे बळ लाभते, त्यापुढे स्त्रीचा टिकाव लागणे कठीण. वाद आहे तो ह्या गटाच्या दाराशी कोणती कसोटी लावावयाची, ह्याबद्दल.

मरे बार व बर्ट्राम ह्यांना १९४९ साली मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका आढळला. तो निष्क्रिय एक्स गुणसूत्राचा, हे पुढे सिद्ध झाले. गालाच्या आतील पेशी खरवडून हा ठिपका शोधण्याची परीक्षा ऑलिंपिक समितीने १९६८ मध्ये स्वीकारली. परीक्षा सोपी होती, पण सदोष. एकच एक्स असलेली टर्नर-विकाराची स्त्री तीत अनुत्तीर्ण ठरे, तर दोन एक्स व एक वाय असलेला पुरुष खुशाल उत्तीर्ण होई. बार ह्यांनी स्वतःच ह्या वापरास विरोध केला.

मारिया होसे मार्तीनेस-पातिन्यो ह्या स्पेनच्या अडथळा-शर्यतपटूच्या पेशींत १९८५ मध्ये, कोबे येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धांच्या वेळी, एक्स-वाय जोडी आढळली. तिच्या शरीरात पुरुष-संप्रेरक होते. परंतु ते ग्रहण करणारे प्रथिनच निकामी असल्याने सामान्य स्त्रीस त्यापासून होणारा अल्प लाभही तिला होत नव्हता. दुखापतीचे सोंग करून माघार घेण्यास तिला सांगण्यात आले. कोबेत तिने ते ऐकले. १९८६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ती धावली, आणि तिचा अहवाल वृत्तपत्रांत फुटला. शिष्यवृत्ती गेली, वाग्दत्त वर दुरावला. १९८८ मध्ये ती पुन्हा पात्र ठरली खरी. पण तोवर उमेदीची वर्षे सरली होती.

१९९० मध्ये अँड्र्यू सिंक्लेअर व सहकाऱ्यांनी वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुक शोधून काढले. गर्भात वृषणाच्या घडणीस हे जनुक चालना देते; परंतु पुढे संप्रेरक किती स्रवेल आणि शरीर त्यास कितपत प्रतिसाद देईल, हे अन्य जनुकांच्या हाती असते. अटलांटा येथे १९९६ मध्ये तपासलेल्या ३,३८७ स्त्रियांपैकी आठ जणींत वाय गुणसूत्राचा अंश सापडला, आणि आठही जणींस खेळू देण्यात आले! १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ही सरसकट परीक्षा थांबविली.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून स्त्री-गटासाठी एसआरवाय परीक्षा सक्तीची केली. ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन प्रत्यक्ष कार्य करते अशा एक्स-वाय खेळाडूंविषयीचा तिचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि, जनुकाचे शोधक सिंक्लेअर ह्यांनीच ह्या परीक्षेविरुद्ध मत दिले आहे. आणि संपूर्ण प्रतिसादहीनता असलेल्यांस खुद्द त्या नियमांतही सूट आहे. म्हणजे जनुक आढळले तरी निर्णय शरीराच्या तपासणीवरच यावयाचा. प्रतिसादहीनता आंशिक असेल तेथे तर प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तिच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि गालावरून घेतलेल्या नमुन्यातील एसआरवाय त्यांपैकी एकही दाखवीत नाही.