न मांडलेला घसारा

बँकेत तीस-बत्तीस वर्षे आकडेमोड केलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी ‘यात बचत आहे’ म्हटले, की तो कागद ओढून वजाबाकी करतो आणि उत्तर जुळले की निर्धास्त होतो. एखादा आकडा मांडायचाच राहून गेला असेल, ही शंका त्याला शिवत नाही. मलाही एकदा शिवली नाही, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

२००३ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका शाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. मोटारीत एलपीजी वापरायला २००० साली कायद्याने वाट करून दिली होती आणि शहरात गॅसचे पंप दिसू लागले होते. आमचे एक जुने खातेदार टॅक्सी चालवत. सारी शाखा त्यांना मामा म्हणे. एक दिवस येऊन म्हणाले, “साहेब, पेट्रोलनं कंबरडं मोडलंय. गॅसचं किट बसवतो. तेवढ्या कर्जाचं बघा.”

मी हिशेब केला. किलोमीटरमागे इंधनाचा खर्च किती, महिन्याची धाव किती, हप्ता किती. हप्ता जाऊन चार पैसे उरत होते. कर्ज मंजूर झाले. तीन-चार महिन्यांनी मामा पेढे घेऊन आले. “गाडी अशी गप चालते साहेब, टॅपेटची टकटकसुद्धा गेली!” आम्ही दोघेही खूश. ती टकटक जाणे हेच दुखण्याचे पहिले लक्षण होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

थंडीत गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. मग एकदा पाचगणीची भाडी घेऊन जाताना पसरणीच्या घाटात तिचा दमच संपला. मिस्त्रींनी हेड उतरवले, तेव्हा पाहणीच्या निमित्ताने मीही गेलो. ते म्हणाले, “हे बघा साहेब, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सीट खात खात आत गेलेत.”

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. जळलेला वायू ज्यातून बाहेर पडतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घाटात लाल होण्याइतका तापतो. मिटल्यावर तो ज्या कड्यावर टेकतो ती सीट. तापलेले लोखंड लोखंडावर आपटले की क्षणभर सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, व्हॉल्व्ह उघडताना तुटतात, आणि तेच कण पुढे पॉलिशपेपरसारखे सीट घासतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून आवाज जातो. फट पुरती संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. मिटल्यावर सीटला देऊन टाकायची उष्णता त्याच्यातच राहते आणि तो जळतो.

पूर्वी हे का होत नसे? पेट्रोलमध्ये शिसे होते. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी इंजिनाची ठोकर थांबवायला शिशाचे संयुग शोधले. त्याचा पातळ थर सीटवर बसून तिला जपत असे, हा आयता फायदा. पण तेच शिसे धुरातून मुलांच्या मेंदूपर्यंत पोचत होते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल बंद झाले, जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवले. ते गेले ते बरेच झाले. मात्र जुन्या इंजिनांचे पांघरूण गेले, आणि त्यावर गॅस आला. पेट्रोल वाफ होताना थोडा गारवा देते. किटमधून येणारा गॅस आधीच वाफ झालेला असतो, म्हणून तोही आधार नाही. त्यात मिश्रणात गॅस कमी पडला की उष्णता आणखी चढते. मामांच्या हेडमध्ये सीट ओतीव लोखंडातच कोरलेली होती.

उपाय अवघड नव्हता. सीटच्या जागी कठीण धातूची कडी ठोकून बसवायची, मिश्रण आणि टायमिंग तपासून घ्यायचे, टॅपेटची फट ठरल्यापेक्षा लवकर मोजायची. थेंबथेंब औषध सोडणारी बाटलीही मिळते. तिने झीज मंदावते, पण मऊ सीट कठीण होत नाही. कंपनीतूनच गॅसवर आलेल्या गाडीत सहसा कठीण सीट असते. बाहेरून किट बसवणाऱ्याने मात्र ‘सीट कोणती?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा. हायड्रॉलिक टॅपेट फट आपोआप भरून काढतात, त्यामुळे तिथे झीज आणखी उशिरा उमगते. गाडी पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर गॅसवर घ्यावी. आणि घरातल्या सिलिंडरचा गॅस मोटारीत भरू नये. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

उपाय सोपा, पण हेडच्या कामाला पैसे हवेत आणि गाडी उभी. मामांचे तीन हप्ते थकले. नोटिशीवर सही माझीच होती. पुढच्या आठवड्यात मामी आमच्याच शाखेत सोनेतारणाच्या रांगेत दिसल्या. रुमालात पाटल्या होत्या. मामा मला एवढेच म्हणाले, “तुमचा काय दोष साहेब, हिशेब तर बरोबरच होता.”

तो बरोबर नव्हता. आम्ही बँकवाले यंत्राचा घसारा दरवर्षी मांडतो, पण त्या दिवशी इंधनाची बचत मी निव्वळ नफा धरली होती. तिच्यातला एक वाटा हेडचा होता.

पाटल्या दीड वर्षाने सुटल्या. त्यानंतर किटच्या प्रत्येक प्रस्तावात मी एक ओळ वाढवू लागलो: ‘हेडचे काम, तरतूद.’ वरिष्ठांनी एकदा विचारले, हा कसला खर्च? मी म्हटले, “साहेब, हा आवाज न करता येतो. म्हणून आधी लिहून ठेवतो.”