भागभांडवलास सरकारची जोड

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीं केंद्र सरकारनें सन २०२० मध्यें जी योजना काढली, तिचा हिशेब आम्ही येथें मांडतों. सभासद जितकें भागभांडवल भरील, तितकीच रक्कम सरकारनें घालावी, असा तिचा नियम. मर्यादा दर सभासदामागें २,००० व दर कंपनीस १५ लक्ष रुपये. सपाटीच्या प्रदेशांत निदान ३०० सभासद असावे लागतात. या ३०० जणांनीं प्रत्येकीं ५०० रुपये भरले तर सरकारचे दीड लक्ष येतात. २,००० भरले तर सहा लक्ष. पुरते १५ लक्ष मिळण्यास ७५० सभासद हवेत. कंपनीचें स्वतःचें भांडवल पाहूनच बँक कर्ज देते. यास्तव ज्यांस गुदाम वा डाळगिरणी उभारणें आहे, त्यांनीं प्रथम गांठीचा पैसा घालावा. नांवापुरता भाग घेणारा जोडही नांवापुरतीच मिळवितो.