पोत्यावरील प्रथिने आणि माशाला लाभणारी प्रथिने

रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. वाराणसीसमोरील रामनगरच्या काठाने वाहणाऱ्या नदीतले हे मासे आज पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांतही वाढविले जातात. खाद्य देऊन केलेल्या संवर्धनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो आणि खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. म्हणूनच पोत्यावरील आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पोत्यावर दिलेली ‘कच्ची प्रथिने’ प्रत्यक्षात मोजलेली नसतात. खाद्यातील नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने खाद्यात केवळ १ टक्का युरिया मिसळला, तरी प्रथिनांचा आकडा सुमारे २.९ ने फुगतो. माशाला त्याचा काहीच लाभ होत नाही.

खरी कसोटी पचनीयतेची. त्यासाठी खाद्यात क्रोमिक ऑक्साईडसारखा न पचणारा दर्शक पदार्थ अल्प प्रमाणात मिसळतात. अन्न पचून शोषले जाते. दर्शक मात्र विष्ठेत शिल्लक राहून त्याचे प्रमाण वाढते. समजा, खाद्यात दर्शक ०.५ टक्के व प्रथिने ३० टक्के आहेत. विष्ठेत ती अनुक्रमे १.५ व १८ टक्के आढळली. ०.५ भागिले १.५, गुणिले १८ भागिले ३०, म्हणजे ०.२. याचा अर्थ २० टक्के प्रथिने वाया गेली, ८० टक्के पचली. पोत्यावर ३० टक्के असले, तरी माशाला लाभली २४ टक्केच. एखाद्या पेंडीची पचनीयता काढताना प्रमाणित खाद्य ७० भाग व पेंड ३० भाग असे मिश्रण सामान्यतः वापरतात.

विष्ठा पाण्यात राहिल्यास तिच्यातील नत्र विरघळते आणि पचनीयता फसवी, अधिक दिसते. म्हणून ती त्वरित गोळा करावी लागते. प्रयोगशाळेतील पेप्सिन चाचणी सोपी असली, तरी पेप्सिन हे जठरातील विकर आहे आणि कार्प माशांना जठरच नसते. त्यामुळे केवळ त्या चाचणीवर रोहूसाठी पेंड निवडू नये.

न पचलेली प्रथिने तळाशी कुजून अमोनिया निर्माण करतात. तोटा असा दुहेरी होतो. खाद्य घेताना विक्रेत्यास विचारावे: प्रथिनांची पचनीयता किती आणि ती कोणत्या माशावर तपासली? सोबत दिलेले खाद्य व माशांची वजनवाढ यांची नोंद ठेवावी. दोन खाद्यांची तुलना दरावर न करता पचनीय प्रथिनांच्या प्रतिकिलो खर्चावर करावी.