लव्हाळ्याचा क्रॉस

३१ जानेवारीची संध्याकाळ. आयर्लंडमध्ये गारठा अजून मुक्काम ठोकून असतो, पण जुन्या गेलिक कालगणनेनुसार ती रात्र सरली की वसंत लागतो. त्या दिवशी लोक पाणथळ जागी जाऊन लव्हाळ्यासारखं लांब, मऊ गवत आणतात. ते कापायचं नाही, उपटायचं, असा जुना दंडक.

मग विणायला बसायचं. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची. पाव वळसा फिरवून तिसरी काडी दुसरीवर. पुन्हा पाव वळसा. बघता बघता मधे चौकोनी वीण भरत जाते आणि चार बाजूंना चार हात फुटतात, तेही समोरासमोर नाहीत, भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे एकमेकांना चुकवून. टोकं बांधली की झाला संत ब्रिजिडचा क्रॉस! ना खिळा, ना डिंक. काड्याच एकमेकींना धरून असतात.

कथा अशी सांगतात: एक सरदार मरणपंथाला लागला होता. त्याच्या उशाशी बसलेल्या ब्रिजिडने जमिनीवर अंथरलेल्या गवतातल्या काड्या उचलल्या आणि बोलता बोलता क्रॉस विणला. ही ब्रिजिड किल्डेअरच्या मठाची संस्थापक. पण त्याच नावाची एक देवीही आयर्लंडच्या जुन्या ग्रंथांत आहे, कवींचं आराध्यदैवत. तिच्या दोन बहिणींचं नावही ब्रिजिडच, एक वैद्यकाची देवी, दुसरी लोहारकामाची. संत कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते, यावर अभ्यासक वाद घालतात. मला तर ही सरमिसळच सुंदर वाटते.

काही भागांत घरातली मुलगी लव्हाळ्याची मोळी घेऊन अंधारात दाराबाहेर उभी राहायची. ब्रिजिडला आत घ्या, असं ती म्हणायची आणि आतली मंडळी तिचं स्वागत करायची. घराला मिळणारा आशीर्वाद असा दार ठोठावून यायचा! त्याच रात्री कापडाचा एक तुकडा बाहेर ठेवत. रात्रीतून ब्रिजिड त्याला स्पर्श करून जाते, अशी श्रद्धा. वर्षभर डोकं दुखलं की तेच कापड कपाळाला.

क्रॉस दारावर किंवा आढ्याला टांगायचा. घरं गवताने शाकारलेली आणि आत चूल सतत पेटती, म्हणून आगीपासून रक्षणाचं मागणं मोठं. कित्येक घरांत नवा क्रॉस आला तरी जुना काढत नसत. आढ्याला धुराने काळवंडलेल्या क्रॉसची रांगच लागायची. वर पाहावं आणि घराने काढलेली वर्षं मोजावीत.

२०२३पासून ब्रिजिडच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. स्त्रीच्या नावाची ही तिथली पहिलीच. येत्या ३१ जानेवारीला ओढ्याकाठचं थोडं लव्हाळं आणा आणि मुलांना घेऊन विणायला बसा. पंधरा-वीस काड्या पुरतात.