पोरं न्यायला आले?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात सरकारी माणूस वहीत नावं लिहू लागला की लोक सावध होतात, आणि त्याला कारण आहे. कुमरीवर, म्हणजे जंगलातल्या फिरत्या शेतीवर, इंग्रजांच्या काळातच बंधनं आली. 1980च्या दशकात काळी नदीवरच्या धरणाखाली जुनं सुपा गाव बुडालं, माणसं रामनगरला जाऊन वसली, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आधी दांडेलीचं अभयारण्य, मग अणशीचं राष्ट्रीय उद्यान, 2007 पासून व्याघ्र प्रकल्प. दर वेळी कागद आला आणि काहीतरी गेलं. तेव्हा बालकल्याण समितीचं नाव निघाल्यावर कुणी ‘आता पोरं न्यायला आले’ म्हणालं, तर त्याला अडाणी ठरवायला मी धजणार नाही. वर 2023चा ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा सिनेमा अनेकांनी मोबाइलवर पाहिलेला. हाताने भरवलं म्हणूनही तिथे आईवर बोट ठेवलं जातं!

पण नॉर्वेचा कायदा काळी नदीच्या काठी चालत नाही. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, 2015 आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात तत्त्वं दिली आहेत: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि घरापासून तुटलेल्या मुलाला शक्य तितक्या लवकर पुन्हा घरी पोचवायचं. बालकल्याण समिती याच कायद्याखालची. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक बाई असायलाच हवी. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की 24 तासांत समितीपुढे न्यावं लागतं. या 24 तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. अणशी घाट उतरून कारवार गाठणाऱ्यांना ही सवलत चांगलीच कळेल. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. त्यानंतर घरी जाऊन चौकशी होते आणि सगळं प्रकरण चार महिन्यांत मिटवायचं असतं. तोपर्यंत मूल संस्थेतच राहिलं पाहिजे असंही नाही. योग्य वाटलं तर समिती त्याला नात्यातल्या माणसाकडे ठेवू शकते.

दुसरा समज म्हणजे घरात गरिबी दिसली की मूल काढून घेतात. संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात नेमकं हेच खोडलं आहे. केवळ गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं कारण होऊच शकत नाही. गरिबी दिसली तर त्या घराला आधार द्यायची वेळ आली, असं समजायचं.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. जोयड्यात सरकारने पळवलेल्या पोरांपेक्षा घरच्यांनीच पाठवलेल्या पोरांची गोष्ट जास्त बोलायला हवी. बाप गेला, आई गोव्यात मजुरीला जाते, आजीचे गुडघे गेलेत, शाळा दोन ओढ्यांपलीकडे. मग कुणीतरी सुचवतं, ‘आश्रमात घाला, जेवण मिळेल, शिकेल तरी.’ किंवा, ‘मडगावात एका घरी राहील, वरकाम करेल, शाळेतही घालतील.’ सांगणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसतं. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, ठेवणारा कितीही प्रेमळ असो. आणि आश्रमांचं म्हणाल, तर सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने 2009 साली जगभरचा आढावा घेतला तेव्हा अनाथालयांतल्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांची आई किंवा बाप, किंवा दोघंही, जिवंत होते. ‘अनाथ’ ही पाटी बऱ्याचदा फक्त दारावर असते. सरकारी वसतिगृहाची गोष्ट वेगळी. तिथे मूल शिकायला जातं आणि सुटीत घरी येतं. पण ज्या संस्थेत मूल कायम राहणार, तिची या कायद्याखाली नोंदणी झाली आहे का, हे विचारायचा हक्क आईला आहे. विचारण्यात कसली लाज?

संस्थेत मुलाचं पोट भरतं, मग बिघडतं काय? रुमानियात बुखारेस्ट शहरात 2000 साली 136 बाळांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी बाळं अनाथालयातच राहिली, निम्मी पालक-कुटुंबांत गेली. घरात वाढलेल्यांची बुद्धी जास्त फुलली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची सगळ्यात जास्त. पोट दोन्हीकडे भरत होतं. फरक होता तो एकाच माणसाने रोज उचलून घेण्याचा.

मग त्या आईने करायचं काय? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व नावाची तरतूद आहे. नाव बोजड आहे, काम सोपं आहे: मूल घरीच राहतं आणि त्याच्यासाठी दरमहा 4,000 रुपये मिळतात. विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईचं मूल, आईबाप दोघंही नसून आजी-मामांकडे वाढणारं मूल, आईबापांना जिवावरचा आजार असलेलं मूल, अपघाताने आईबाप अपंग झालेलं मूल, या सगळ्यांना ती लागू होऊ शकते. खेड्यात घरचं वर्षाचं उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत असावं लागतं. ‘आई आहे ना, मग अनाथ कसलं, आपल्याला नाही मिळत’ हा समज या योजनेपुरता तरी पार चुकीचा आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्यांनी बालसंगोपन योजनेचे 2,250 रुपये सांगितले, तर ती महाराष्ट्राची योजना. कर्नाटकात राहणाऱ्याने तिच्या मागे लागू नये. अर्ज मंजूर होईलच असं नाही, निधी आणि समितीचा निर्णय मध्ये असतात. पण न केलेला अर्ज नक्कीच मंजूर होत नाही.

एक समज उलट्या बाजूचाही आहे, आणि तो जास्त घातक. ‘कुटुंब एकत्र ठेवायचं म्हणजे घरातलं घरातच मिटवायचं.’ नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि सांगितलं नाही, तर 2012च्या पॉक्सो कायद्याने तो गुन्हा आहे, मग कळलेला माणूस शिक्षक असो की काका. अत्याचार करणारा त्याच घरात राहत असेल, तर मुलाला तिथून हलवायचं का हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं. दारूच्या मारहाणीत दर वेळी आईनेच पोरं घेऊन माहेरी पळावं असंही कायद्यात नाही. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायाधीश नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा हुकूम देऊ शकतात. घर बाई-पोरांचं राहतं. कर्नाटकात या कायद्याचं संरक्षण अधिकाऱ्याचं काम तालुक्याचे सीडीपीओ पाहतात, म्हणजे अंगणवाड्यांचे साहेब किंवा मॅडम.

‘एकदा सही केली की पोर गेलं’ हेही ऐकू येतं. कुणा दलालाने किंवा दवाखान्यात कुणी घेतलेली सही म्हणजे मूल सोपवणं होत नाही. मूल सोडायचंच असेल तर आईला समितीपुढेच यावं लागतं, तिथे तिला समजावलं जातं आणि निर्णय बदलायला दोन महिने दिले जातात. मधल्यामध्ये पैसे घेऊन-देऊन मूल हातात ठेवणं मात्र गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड.

मदतीचा फोन 1098, देशभर फुकट. पण आडबाजूच्या वाडीवर रेंज नसताना तो नंबर भिंतीवरच राहतो. तिथे अंगणवाडी टीचर, आशा आणि पंचायतीचे सदस्य हाच खरा फोन. घरी आपण मराठी-कोकणी बोलतो आणि अर्ज कन्नडमध्ये असतो, म्हणून कुणी मागे फिरू नये. मुलाची भाषा समजेल असा दुभाषी मागता येतो, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा माणसांची यादी ठेवणं अपेक्षित आहे. शिधापत्रिका, आधार, शाळेचा दाखला हे कागद बहुतेकांकडे असतात. अडू शकतो तो मृत्यूचा दाखला. वाडीवर माणूस गेला, दहनही तिथेच झालं आणि नोंद राहून गेली, असं झालं की विधवेला वर्षभराने तोच कागद मिळवायला दंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. नोंदीची मुदत 21 दिवसांची आहे. बाराव्याला जमलेल्या भाऊबंदांपैकी कुणी एकाने पंचायतीत जाऊन ती करून आणली, तरी पुरे.